जहाज रांझीला गेलं

कंपनीच्या सभागृहात प्रात्यक्षिक सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता, तेवढ्यात आल्हादला धरणावरून प्रल्हादचा फोन आला. प्रल्हाद धरणावरची प्रवासी लाँच चालवायचा. सकाळीच तो आल्हादच्या गढ्यातल्या घरून एक पिशवी घेऊन गेला होता. तिच्यातलं, लाँचचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र त्याला लाँचवर बसवायचं होतं.

"भैया, मशीन तर काढली, पण हिचा पट्टा लहान आहे," प्रल्हाद म्हणाला. "जहाजाला कुठं बांधू?"

आल्हादच्या यंत्राला पट्टा नव्हताच. पट्टा होता तो त्याच्या वडिलांच्या, रत्नाकररावांच्या, रक्तदाब मोजायच्या मशीनला. त्याने तिथूनच घरी फोन लावला. त्याची बायको सुखदा म्हणाली, बाबा घरात राहिलेली दुसरी पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकून नुकतेच बाहेर पडले. कारखान्यातून निवृत्त झालेले त्यांचे मित्र रांझीला दर गुरुवारी जमायचे आणि एकमेकांचं बीपी मोजायचे. बाबांचा मोबाइल नेहमीसारखा फ्रिजवर पडला होता.

आल्हाद एका खासगी मोबाइल कंपनीत कंत्राटावर होता. कंपनीने एक नवी सोय विकायला काढली होती. एकाच नेटवर्कमधून एखाद्या ग्राहकासाठी वेगळी पट्टी राखून ठेवायची, म्हणजे बाकीच्या लोकांनी कितीही गर्दी केली तरी त्याच्या गाड्यांचा आणि बोटींचा संपर्क तुटणार नाही. जबलपुरात या पट्टीला अजून एकही गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. आज मिळालं नाही तर आल्हादचं कंत्राट संपणार होतं. मग दुसऱ्या शहरात नोकरी शोधा, आणि बाबा जबलपूर सोडायला तयार होणार नाहीत, हा विचार त्याला गेले कित्येक दिवस जेवू देत नव्हता.

आजचं गिऱ्हाईक म्हणजे श्यामसुंदरजी. सिहोऱ्याकडे जाणाऱ्या बसगाड्या त्यांच्या, धरणावरची लाँचही त्यांचीच. माणूस शांत, पण हिशेबाला चिवट. पट्टीचं दरमहा भाडं त्यांना मान्य नव्हतं. पाणी उतरलं की लाँच चार महिने काठाला उभी असते, मग त्या दिवसांचं भाडं काहून द्यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. जेवढा वापर तेवढेच पैसे घ्या, म्हणत होते. आल्हादच्या साहेब विनीता मॅडम त्यांना समजावत होत्या की पट्टी राखून ठेवली म्हणजे ती रिकामी असली तरी दुसऱ्याला विकता येत नाही.

आल्हादने मॅडमना बाजूला घेऊन झालेला घोटाळा सांगायचा प्रयत्न केला. "आधी भिंतीवरचा पडदा चालू कर," त्या हसऱ्या चेहऱ्यानेच म्हणाल्या. त्याने पडदा चालू केला.

नकाशावर दोन ठिपके उमटले. हिरवा ठिपका, म्हणजे बस, सिहोऱ्याच्या रस्त्यावर व्यवस्थित चालला होता. निळ्या ठिपक्यापुढे 'जहाज' असं लिहिलं होतं, आणि तो गढ्याच्या बाजारातून वाट काढत होता. एका चौकात तो थांबला, मग एका एकेरी गल्लीत उलटा शिरला.

श्यामसुंदरजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "मॅडम, माझी लाँच गढ्यात काय करून राहिली?"

मॅडम म्हणाल्या, आधी जमिनीवरची चाचणी चालू आहे. बाबा गल्लीत उलटे शिरतात हे आल्हादला आजपर्यंत माहीत नव्हतं. पुढे उड्डाणपुलाच्या खाली, जिथे दिवसभर ट्रकची रांग असते, तिथून जहाज इतक्या वेगात गेलं की त्याने डोळेच मिटले. नोकरी गेली हे त्याने केव्हाच धरून टाकलं होतं. आता बाबा धड पोहोचले म्हणजे पुरे, असं त्याला वाटायला लागलं.

जहाज रांझीला पोहोचून थांबलं. आल्हादने श्वास सोडला, आणि त्याच क्षणी पडदा लाल झाला. जहाजावरचं संकटाचं बटण कुणीतरी दाबलं होतं. ते दाबलं की राखीव पट्टीवरून आपोआप बोलणं सुरू व्हायचं. सभागृहात एक म्हातारा आवाज घुमला.

"दाबून तर राहिलो, रत्नाकर. जुन्या मशीनचा पट्टा गुंडाळला, तरी फुगतच नाही."

"अजून जोरात दाब."

मॅडमना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे माइक ओढला आणि जहाजावर किती माणसं आहेत, म्हणून विचारलं.

"चार," रत्नाकरराव म्हणाले. "तुम्ही कोण बोलून राहिल्या, ताई?"

"नियंत्रण कक्ष. पाणी किती शिरलंय?"

"पाणी सकाळीच येऊन गेलं. आता संध्याकाळी येईल."

शेवटी आल्हादने माइक घेतला. "बाबा, मी आहे. ते तुमचं मशीन नाही. बटण सोडा, आणि परत येताना गल्लीत उलटे शिरू नका."

"तुला कसं कळलं?" बाबांनी विचारलं. आवाज इतका स्वच्छ होता, की त्यातली भीतीही ऐकू आली.

पडदा विझला. आल्हादने जे झालं ते सगळं सांगितलं आणि श्यामसुंदरजींची माफी मागितली. ते मात्र विझलेल्या पडद्याकडेच बघत होते.

"बाबांचं वय काय?"

"चौऱ्याहत्तर."

"आमचे एक्याऐंशीचे. रोज मोपेड काढतात, सांगून जात नाहीत, फोन उचलत नाहीत. परवा शोधायला माझ्या दोन बस पाठवल्या होत्या." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "ही पट्टी त्यांच्यासाठी भेटेल का? जहाजाचं नंतर बघू."

मॅडमनी मध्ये पडून सांगितलं, की अशी योजना कंपनीकडे नाही. ही सोय वाहनांसाठी आणि बोटींसाठी आहे, आणि भाडं दरमहाच भरावं लागेल, वापर असो वा नसो.

"दरमहाच घ्या," श्यामसुंदरजी म्हणाले. "लाँच चार महिने उभी असते, मॅडम. पिताजी बाराही महिने चालू असतात."