शेणखतातली लेकरं

सकाळचा चहा ओठाला लागायच्या आत कुंपणावरून मूठभर शेणखत माझ्या नाकाशी येतं. "मास्तर, वास घ्या!" शाळेतून निवृत्त होऊन करडी गावात आलो तो निवांत बसायला, अन् शेजारी निघाले डोमाभाऊ. मी मुकाट्यानं वास घेतो. "मातीचा येऊन राहिला," म्हणतो. भाऊ खूश. "म्हंजे लेकरं मजेत हायेत!"

लेकरं म्हणजे ट्रायकोडर्मा. जमिनीतल्या रोगट बुरशीनं वांग्याला मर लागते, धडधाकट झाड उभ्या उभ्या मान टाकतं. त्या बुरशीला खाणारी ही चांगली बुरशी. वरठीहून पुडी आणायची, कुजलेल्या शेणखतात मिसळायची, सावलीत ओल्या पोत्याखाली वाढवायची आणि झाडाच्या बुडाशी द्यायची. काम एवढंच. पण त्या ढिगापायी भाऊ लग्नातून अक्षता टाकून, पंगत सोडून परत येतात. "लेकरं तहानली असतीन ना जी!" ढिगाजवळ मी शिंकलो तरी डोळे वटारतात. मी तर थकलो बुवा.

वर हा माणूस वांगं खात नाही! खाल्लं की अंगाला खाज सुटते. तरी परसात दरसाल एक वाफा वांग्याचा, आणि बी घरचंच, चिंधीत बांधून ठेवलेलं.

यंदा भाऊंचे जावई पाहुणे आले. भाऊ बाहेर गेलेले, तेवढ्यात मदत करावी म्हणून जावयांनी वाफ्यात अन् ढिगावर निळं बुरशीनाशक ओतलं. त्या औषधाला चांगली बुरशी काय, वाईट काय! भाऊ परतले, पाहिलं. जावयाला बोलायचं कसं? त्याला कोंबडीचा रस्सा आग्रह करकरून वाढला आणि स्वतः विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. "सुतक हाये, मास्तर," हळूच म्हणाले. मला हसू फुटलं. पुढे सगळा वाफा मरीनं बसला, तेव्हा ते आटलं.

"नर्सरीतून रोपं आणा ना," मी वैतागून म्हटलं. "खात तर नाही तुम्ही. काहून जीव टाकून राहिले?"

भाऊंनी चिंधी सोडली. चिमूटभर बी.

"एवढंच रायलं. तिनं सुपात वाळत टाकलं होतं, अन् तशीच गेली. तिच्या मांगं मीच उचललं. तवापासून तेच पेरतो." भाऊंच्या बायकोला जाऊन किती वर्षं झाली, त्यांच्या तोंडून तिचा विषय मी पहिल्यांदाच ऐकला.

नवी पुडी आली, नवा ढीग लागला, चिमूटभर बियांची रोपं झाली. या खेपेला झाडांनी मान टाकली नाही. बियाण्याची वांगी झाडावर राखून भाऊ एक वांगं घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, याचं भरीत करा."

"अहो, तुम्हाला खाज सुटते ना?" आमची ही म्हणाली.

"मले खाचं नाई जी. ती चुलीत वांगं भाजे. वास तं घेऊ द्या."

वांगं भाजेपर्यंत भाऊ आमच्या ओट्यावर डोळे मिटून बसले होते. त्या दिवशी त्यांच्या ढिगावर पाणी मीच शिंपडलं.