सुरूच्या मुळांवरच्या बुरशीची बदली

पालवबंदरच्या रोपवाटिकेत सुरूच्या सहा हजार रोपांच्या मुळांवर राहणाऱ्या बुरशीला जूनमध्ये एकदम तीन गावी बदलीचा हुकूम आला, आणि आपण एकच असल्यामुळे फार तर एका गावी हजर होऊ शकतो, असं तिनं लेखी कळवलं. उत्तर एका रोपाच्या पिशवीच्या प्लास्टिकवर, आतल्या बाजूनं, पांढऱ्या धाग्यांच्या अक्षरांत उमटलं होतं. अक्षर सुवाच्य होतं. मजूर सुलोचना चोडणेकर हिनं ती पिशवी उचलली आणि वनपाल रेवडेकर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. खाली वर्तमानपत्र घातलं, कारण साहेबांना टेबलावर माती खपत नसे.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "एकच कशी? सहा हजार पिशव्यांत आहे ना ही?"

"सगळ्यांत आसा," सुलोचना म्हणाली. "पण एकच आसा."

ती एकच का, हे सुलोचनाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रोपांची मुळं पिशवीच्या भोकांतून जमिनीत उतरतात, म्हणून अधूनमधून पिशव्या जागेवरून सरकवून ती तोडावी लागतात. उन्हाळ्यात ते काम तिचं होतं. पण त्याच दिवसांत तिच्या सासरी, खारबावला, समुद्र शेजाऱ्यांच्या विहिरीपर्यंत आला आणि ती रजा टाकून वाळूच्या गोणी रचायला गेली. परत येऊन बघते तर बुरशीनं खालच्या मातीत या टोकापासून त्या टोकापर्यंत हातपाय पसरलेले, आणि सगळ्या पिशव्यांत मिळून एकीचाच संसार.

या बुरशीवाचून सुरू वाळूत तग धरत नाही. दोन वर्षांपूर्वी जुन्या बनातली माती न घालता वाढवलेली रोपं किनाऱ्यावर लावली होती. ती दिवाळीपर्यंत पिवळी पडून मेली आणि त्यांच्यामागोमाग किनाराही गेला. तेव्हा बुरशी जाईल ते गाव राहणार होतं, बाकीच्या दोन्हींचं काही खरं नव्हतं. आता ही तीन गावं कोणती, तर खारबाव, वेळूसरे आणि रोपवाटिकेबाहेरचा किनारा म्हणून खुद्द पालवबंदर. वेळूसरे सुलोचनाचं माहेर. पालवबंदरला ती एकोणीस वर्षं रोज डबा घेऊन येत होती.

साहेबांनी बराच विचार केला आणि फायलीवर शेरा मारला, की ज्या मजुराच्या रजेमुळे हा पेच उद्भवला तिनंच एका गावाची शिफारस करावी. मुदत शुक्रवारपर्यंत.

सुलोचनाला काही सुचेना. खारबाव सांगावं तर वेळूसऱ्याला आईच्या मागीलदारी लाटा येणार. वेळूसरे सांगावं तर खारबावचं घर जाणार, आणि सासू म्हणणार की सुनेनं घालवलं. पालवबंदर सांगावं तर दोन्हीकडे तोंड दाखवायची सोय नाही. तिला रडू येत होतं, रागही येत होता, पण तो काढावा कुणावर हे कळत नव्हतं. समुद्राच्या नावानं बोटं मोडून झाली. शेवटी गुरुवारी दुपारी ती वाफ्यापाशी उकिडवी बसली.

"माका कायच कळणा नाय," ती बुरशीला म्हणाली. "तूच सांग, तुका खय जावचा आसा?"

तिनं दोन ओळींना पाणी घालेपर्यंत उत्तर आलं. "माझे येथे बरे चालले आहे. तथापि हुकूम पाळणे भाग आहे. आपण किती आहात?"

"मी? मी एकटीच."

"पुरावा सादर करावा."

शुक्रवारी सुलोचना घरातले होते नव्हते ते कागद पिशवीत कोंबून घेऊन आली. रेशनकार्ड खारबावचं होतं. मतदार यादीत ती वेळूसऱ्यालाच होती, माहेरच्या नावानं, सुलोचना मेथर म्हणून. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ते नाव कुणी काढलं नव्हतं. आणि हजेरीपट पालवबंदरचा, त्यावर रोजची तिची सही. साहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि दोनदा मोजले.

"सुलोचनाबाई, तुम्ही एक कुठल्या? तुम्ही तीन आहात."

"पण सायबा, मी हय एकटीच उभी आसंय."

"ते मला दिसतंय. पण दिसण्यावर फाइल पुढं जात नाही."

टेबलावरच्या पिशवीत नवी ओळ उमटली. "एक कर्मचारी तीन ठिकाणी राहू शकतो, हे सिद्ध झाल्याने माझी हरकत उरलेली नाही. प्रत्येक गावी तेथील सुलोचनाबाईंनी मला घेऊन जावे."

साहेबांनी खाली सही केली. ती पिशवीवर नीट उमटेना, म्हणून कागद चिकटवून त्यावर केली.

सोमवारी सकाळी तीन टेम्पो निघाले आणि तिन्हींत ड्रायव्हरशेजारी सुलोचना बसली होती. तिला यातलं काहीही उलगडलं नव्हतं. पण खड्ड्यांतून जाताना रोपं कलंडत होती, त्यांना धरण्यात वाट सरली. खारबावला तिनं आणि जावेनं विहिरीपासून खालपर्यंत रोपं लावली. पालवबंदरला ती एकटीच लावत होती. वेळूसऱ्याला भाऊ खड्डे काढत होता आणि ती एकेक पिशवी फाडून, मुळांवरचं पांढरं आवरण न दुखावता, रोपं आत बसवत होती.

दिवस कलला तेव्हा खारबावची सुलोचना चुलीपुढं भाकऱ्या थापायला बसली. पालवबंदरची स्टँडवर उभी होती. खारबावला आधीच एक असताना आपण एसटीत चढावं की नाही, हे तिला ठरवता येईना, आणि कंडक्टरला विचारायचं तरी काय, हेही कळेना. वेळूसऱ्याची पाय धुऊन ओटीवर आली.

लग्न झाल्यापासून ती जेव्हा जेव्हा माहेरी आली, तेव्हा आईनं पहिलं एकच विचारलं होतं. आताही तिनं तेच विचारलं.

"कधी जातलंस?"

सुलोचना गोंधळली. तिनं सवयीनं पिशवी शोधली, मग थांबली.

"माका जावचा नाय गे आये," ती म्हणाली. "थय मी आसंय."

 आई आत गेली आणि तिनं आणखी एका माणसाचे तांदूळ काढले.