गफूर मास्तरांची ताजी तहकीकात

प्रश्न विचारून झाला की गफूर मास्तर कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढायचे, उघडायचे आणि ओठ मिटून त्याच्याकडं बघत राहायचे. समोरच्यानं उत्तर देईपर्यंत पुढचा शब्द न्हाय. कळंबच्या बाजारात "मेथी कशी दिली?" असं विचारून ते असे उभे राहिले की भाजीवाली घाबरून आपणच भाव उतरवायची. मास्तरांना त्यातलं काही कळायचं न्हाय. त्यांना वाटायचं, बाई विचार करून बोलते, चांगलं आहे.

ही सवय त्यांना आमच्या घरी लागली.

सरकारी शाळेत भूगोल शिकवून ते वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, घरी बसलेले. निजामाचा अंमल होता, दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. हैदराबादेहून त्यांना एक रिसाला यायचा, उर्दू मासिक. येडशी स्टेशनावर उतरून मोटारीनं कळंबला पोचेपर्यंत तो दोन महिने जुना झालेला असे. तरी तो हातात घेऊन मास्तर गल्लीत शिरले की म्हणत, "ताजी तहकीकात काय सांगते, ऐका." या ताज्या तहकीकातीपायी, म्हणजे नव्या संशोधनापायी, आमच्या गल्लीनं काही दिवस उलटं चालून पाहिलं होतं, एकेक घास बत्तीस वेळा चावून पाहिला होता. त्यामुळं रिसाला आल्याचं कळलं की लोक दारं लोटून घेत.

मी तेव्हा नवी सून. माझ्या सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांची धान्याची अडत होती आणि आवाज असा, की पेठेत बोलले तर नदीवर धुणं धुणाऱ्या बायांना ज्वारीचा भाव कळायचा. एका सकाळी घोडीवर खोगीर घालता घालता ते खाली बसले. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

सगळी गेली असं म्हणता यायचं न्हाय. शिव्या राहिल्या होत्या. पाणी मागायला गेले की नुसता 'प प' व्हायचा, पण वैद्यांनी काढा पुढं केला तेव्हा एक अख्खी शिवी जोडाक्षरासकट बाहेर पडली. वैद्य पुन्हा आले न्हायत. सासूबाई पदरात तोंड लपवून बसल्या. कोणी म्हणालं, बाहेरचं आहे. माझे मालक म्हणाले, डोकंच गेलं त्यांचं. आणि मग सगळे तात्यांच्या खाटेशेजारी बसून तात्यांबद्दल बोलू लागले, जसं एखाद्या कपाटाबद्दल बोलावं. तात्यांनी भिंतीकडं तोंड केलं. चार दिवस पेजेचा घोटसुद्धा घेतला न्हाय.

पाचव्या दिवशी मास्तर रिसाला घेऊन आले. दार लोटायचं त्या गडबडीत राहून गेलं होतं. शिवीची हकीकत ऐकून त्यांचे डोळे चमकले.

"पूर्ण म्हणाले? मधला शब्द गाळला न्हाय ना?"

मग त्यांनी समजावलं. लढाईत डोक्याला गोळी लागून ज्यांची वाचा गेली, त्या शिपायांना विलायतेत पुन्हा बोलायला शिकवतात. लकव्याच्या म्हाताऱ्यांनाही तेच करून बघावं, असं रिसाल्यात आलं होतं. बोलणं गेलं म्हणजे समज गेली असं न्हाय. शिव्या, आकडे, गाणी डोक्यात वेगळ्या कोठारात असतात, ते कोठार शाबूत राहतं. माणसाला एका वेळी एकच गोष्ट विचारायची, आणि मग थांबायचं. त्याच थांबण्यासाठी ते घड्याळ.

त्या दिवशी मालकांनी तात्यांची घोडी विकायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईक अंगणात उभं होतं. मास्तर म्हणाले, आधी ज्याची घोडी त्याला विचारा. माझे मालक वैतागले, म्हणाले की यांना काय कळतंय. मास्तरांनी गळ्यातला रुमाल काढून तात्यांच्या डाव्या हातावर टाकला आणि आपला हात त्याखाली घातला. अडतीवर सौदे असेच होतात, रुमालाखाली बोटं दाबून, एक शब्द न बोलता. तात्यांचा जन्म त्यात गेला होता. एक बोट दाबलं तर होय, दोन दाबली तर न्हाय, असं मास्तरांनी सावकाश सांगितलं.

"घोडी विकायची?"

घड्याळ उघडलं. आम्ही सगळे त्या रुमालाकडं बघत उभे. बराच वेळ गेला. मग मास्तर मालकांकडं वळून म्हणाले, "दोन. आणि लई जोरात."

गिऱ्हाईक परत गेलं. माझे मालक खाटेपाशी खाली बसले आणि त्यांनी वडलांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या संध्याकाळी तात्यांनी पेज घेतली.

मग रोज दुपारी शाळा सुरू झाली. मास्तरांनी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढून आणली. भूगोलाचे मास्तर, नकाशे चांगले काढायचे, पण त्यांचा बैल बाजेसारखा दिसायचा आणि बाज बैलासारखी. तात्यांनी पहिल्यांदा हसून दाखवलं ते त्या बैलाला. अर्धंच तोंड हसलं, पण हसलं. आकडे तर धडाधड यायचे. मास्तरांनी एक म्हणायचं, तात्या थेट वीसपर्यंत पळत सुटायचे, मग त्यांना थांबवणं जड जायचं.

गाण्याचं कोठार उघडायला मास्तरांनी सासूबाईंना बसवलं. नवऱ्यासमोर गायची त्यांना भारी लाज. पण जात्यावरच्या ओवीची चाल त्यांनी गुणगुणली आणि मास्तरांनी त्या चालीवर 'पाणी द्या गं' बसवलं. तिसऱ्या दिवशी तात्यांच्या तोंडून 'पाणी' निघालं, अगदी सुरात. मग काय, मास्तरांचा हुकूम सुटला की घरात सगळ्यांनी चालीवरच बोलायचं. महिनाभर आम्ही मीठ गाऊन मागितलं, चुलीतलं लाकूड गाऊन मागितलं. शेजारीण विचारायला आली की लग्न कोणाचं निघालंय.

चुकाही मजेच्या व्हायच्या. तात्या बायकोला 'तूर' म्हणायचे आणि मला 'कंदील'. मास्तर त्यांना कधी हसले न्हायत की त्यांनी कधी टोकलंही न्हाय. बरोबर शब्द आपण एकदा शांतपणे म्हणायचे आणि पुढं जायचे. रोज नवा आलेला शब्द वहीत लिहायचे. दिवाळीपर्यंत तात्यांजवळ साठेक शब्द जमले. पेठेत आवाज काही पुन्हा घुमला न्हाय, पण घर चालवण्यापुरते ते पुष्कळ होते.

एका दुपारी मास्तर चित्रं गोळा करून उठले. तेवढ्यात तात्यांनी त्यांची बाही धरली. ओठ हलले, अडकले, पुन्हा हलले.

"घरी... कोन?"

इतके महिने तात्या फक्त उत्तरं देत होते. त्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. तो वहीत लिहायला हवा होता, पण मास्तर तसेच खाली बसले.

घरी कोणी न्हाय, असं म्हणाले. मग हळूहळू सांगू लागले. उमरग्याला नोकरीवर असताना त्यांच्या बीबीला असाच लकवा झाला होता. हकिमानं सांगितलं, हिला आता काही कळत न्हाय. मास्तरांनी ते खरं मानलं. मुक्या घरात जीव गुदमरायचा म्हणून ते दिवे लागेपर्यंत शाळेतच नकाशे काढत बसायचे. घरी आले की तिला भरवायचे, अंग पुसायचे, पण बोलायचे न्हायत. वर्षभरानं ती गेली.

"सगळं ऐकत असेल ती, तात्या," ते म्हणाले. "आणि मी एक शब्द बोललो न्हाय."

तात्यांनी त्यांची बाही सोडली. मग माझ्याकडं मान वळवून म्हणाले, "ताट."

मला वाटलं, त्यांना भूक लागली. मी एक ताट वाढून आणलं. त्यांनी मान हलवली आणि डाव्या हातानं आधी मास्तरांकडं, मग स्वतःकडं दाखवलं. आमच्याकडं मास्तरांची कपबशी ओसरीच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. त्या काळी सगळ्यांच्याच घरी तसं होतं. ती ते स्वतः विसळून ठेवायचे. मी सासूबाईंकडं बघितलं. त्या क्षणभर दारात उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि दुसरं ताट स्वतः वाढून आणून तात्यांच्या शेजारी ठेवलं.

मास्तर जेवले. भाकरी आणि आंबाडीची भाजी होती. तात्या डाव्या हातानं सांडत सांडत जेवत होते, मास्तर त्यांची भाकरी कुस्करून देत होते. कोणी काही बोललं न्हाय, आणि त्याचं कोणाला ओझंही झालं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दोन भाकरी जास्त थापल्या.