इनासकाकांचा पहिला सोमवार

आमच्या शेजारचे इनासकाका रोज सकाळचा चहा झाला की ओट्यावर येतात, कमरेवर हात ठेवतात, घसा खाकरतात आणि समोरच्या केळीच्या वाडीला उद्देशून खणखणीत आवाजात सांगतात, "लक्ष द्या! आजचा कार्यक्रम, काही नाही. आणि तोसुद्धा थोड्या उशिराने सुरू होईल."

आमच्या पापडी गावात नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटतं, चर्चच्या सणाची काहीतरी सूचना चालली आहे. तो धावत गॅलरीत येतो. जुनी माणसं मान वर करत नाहीत. फक्त आतून मार्थाकाकूंचा आवाज येतो, "झालं ना सांगून? मग आता नारळ सोला."

"फेरी रद्द!" काका म्हणतात आणि आरामखुर्चीत बसतात.

काकांची सगळी नोकरी बसच्या डेपोत गेली. ते कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसायचं आणि माइकवरून कुठली गाडी कुठे लागली ते सांगायचं. "माइक डेपोचा होता, तो ठेवून आलो," ते सांगतात. "आवाज माझा होता, तो घरी आणला." आणलेला आवाज त्यांनी कधी कमी केला नाही. त्यांनी मार्थाकाकूंच्या कानात काही सांगितलं तरी ते आमच्या स्वयंपाकघरात कळतं. आणलेली भाषाही तशीच राहिली. लांबच्या हॉलवरचं लग्न असलं की फेरी रद्द. डॉक्टरांनी सुके बोंबील बंद करायला सांगितले, त्या डॉक्टरांकडची पुढची फेरी रद्द. फक्त एकदा काकूंनी शांतपणे सांगितलं, "मग आज जेवणाचीपण रद्द," तेव्हा काका ताबडतोब उठून नारळ सोलायला बसले होते.

पण त्यांना कोणी आळशी म्हटलं की त्यांना फार लागतं. "आळशी माणूस वेगळा आणि रिटायर माणूस वेगळा," ते म्हणतात. "आळस आपोआप येतो. रिटायरमेंट शिकावी लागते."

आणि ती ते मनापासून शिकत आले आहेत. आधी त्यांनी क्लॅरिनेट घेतलं. लहानपणी लग्नाच्या बँडमागे गावभर फिरायचे, तेव्हापासूनची हौस होती. रोज संध्याकाळी ते वाडीत उभे राहून वाजवायचे. आमच्या गल्लीतली कुत्री त्या काळात संध्याकाळची दुसऱ्या गल्लीत राहायला जात. मग मधमाश्यांची पेटी आणली. माश्या आल्या, पेटी बघितली आणि दोन वाड्या पलीकडच्या चिकूच्या झाडावर जाऊन राहिल्या. काका रोज त्यांना भेटायला जात. "जागा बदलली म्हणून काय झालं, ओळख आहे ना," म्हणत. मग दोन माडांमध्ये झोळी बांधली. पहिल्याच दुपारी, काका पाणी प्यायला उठले तेवढ्यात, नारळ बरोबर त्यांच्या उशीवर पडला. झोळी आंब्याखाली गेली.

"यातलं एकही जमलं नाही हो काका तुम्हाला," मी एकदा म्हटलं.

"जमलं पाहिजे असं कोण म्हणतं?" ते म्हणाले. "जमवायचं ते नोकरीत जमवून झालं. आता न जमणाऱ्या गोष्टी करायला फुरसत आहे."

मी तेव्हा एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. माझी निवृत्ती जवळ आली तशी घरादाराला एकदम मी दिसायला लागले. आचोळ्याला राहणारा माझा मुलगा म्हणाला, "आई, आता चिंगीला पाळणाघरात कशाला ठेवायचं? तू आहेस ना!" माझ्या नणंदेने तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे राहायचं ठरवून टाकलं. महिला मंडळाने मला न विचारता चिटणीस केलं. नवऱ्याचं आचोळ्यातच इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. त्याने इतकंच म्हटलं, "आता दुपारी गरम पोळी खायला घरी येत जाईन." किती प्रेमाने म्हटलं! मीही सगळ्यांना हो, हो म्हणत गेले.

एका रविवारी मी कपडे वाळत घालताना हे सगळं मार्थाकाकूंना सांगत होते. इनासकाका झोळीत डोळे मिटून पडले होते. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "सुलभाबाय, तुमची गाडी सुटायच्या आधीच फुल झाली. त्यात तुम्हाला बसायला जागा कुठाय?"

मी हसले. पण हातातला ओला टॉवेल बराच वेळ पिळत राहिले.

दुसऱ्याच संध्याकाळी माझं शिक्षण सुरू झालं. काका आमच्या दारात येऊन उभे राहिले. "मी काहीही मागितलं तरी नाही म्हणायचं. कारण द्यायचं नाही. तयार?"

"तयार."

"वाटीभर साखर द्या."

"नाही."

"शाबास. साखर द्या ना, पाहुणे आलेत."

"नाही."

"मार्थाला ताप भरलाय. तिला चहा करून द्यायचाय."

"अगंबाई, कधीपासून? थांबा, मीच करून आणते!"

"नापास!" काका इतक्या मोठ्याने ओरडले की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. मागून मार्थाकाकू ठणठणीत चालत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या तापावर शिकवण्या घेता होय? चला घरी!"

दुसरा धडा नुसतं बसण्याचा होता. ओट्यावर बसायचं आणि काही करायचं नाही. मी बसले. जरा वेळाने काकांनी विचारलं, "काय करताय?"

"काही नाही."

"हात बघा."

मी शेजारच्या सुपातली लसूण सोलत होते. कधी घेतली ते मलाच कळलं नव्हतं.

शेवटच्या महिन्यात मात्र मी धीर केला. मुलाला सांगितलं, "चिंगीला मी सांभाळीन, पण आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे दिवस माझे."

"पण त्या दिवसांत तू करणार काय?" त्याने विचारलं.

"ते अजून ठरवलं नाही."

मला वाटलं, आता हा रागावणार. रात्रभर मी कूस बदलत होते. सकाळी सुनेचा फोन आला. "आई, बरं झालं बोललात. मला वाटलं होतं, तुम्हालाच ती रोज हवी आहे. नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी पाळणाघर सोडणार होते." आम्ही दोघी फोनवर किती वेळ हसत होतो. नणंदेसाठी तिच्या मुलीने सुट्टी काढली. मंडळाचं काम मी एका वर्षापुरतं घेतलं. नवऱ्याला दुपारची पोळी डब्यात न्यायची सवय आहे, ती कायम ठेवली. हे ऐकून काकांनी मला पास केलं आणि वाडीतला केळीचा घड बक्षीस दिला.

निरोप समारंभ झाला. शाल मिळाली, भाषणं झाली, फोटो झाले. मी खुशीत होते. मग सोमवार आला.

मी नेहमीच्या वेळी उठले, डबा केला, नवरा दुकानात गेला. आरशासमोर उभी राहून मी साडीला पिन लावली, पर्स उचलली आणि तिथेच थांबले. कुठे निघाले होते मी? घर इतकं शांत होतं की फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. मी पर्स मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसले. आता ऑफिस उघडलं असेल, माझ्या टेबलावर कुणी बसलं असेल, असं काहीबाही मनात यायला लागलं.

दारावर थाप पडली. इनासकाका आणि मार्थाकाकू उभे होते. काकांच्या डोक्यावर हॅट, काकूंच्या हातात पिशवी.

"साडी नेसलेलीच आहात. चला," काका म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज चक्क हळू होता.

आम्ही रिक्षा करून भुईगावच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या सावलीत काकूंनी चादर पसरली, फुगे काढले. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत लग्नासणाला तळतात ते गोडसर, पावासारखे मऊ गोळे. थर्मासातला चहा ओतला. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याकडे निघून गेले.

"तुम्हाला कसं कळलं?" मी काकूंना विचारलं.

काकूंनी पाण्यातल्या काकांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "हे रिटायर झाले ना, तेव्हा सोमवारी सकाळी खाकी कपडे घालून, डबा घेऊन निघाले. मला वाटलं, काही कागदबिगद राहिले असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीपण. संध्याकाळी यायचे, जेवायचे, झोपायचे. मी विचारलं की म्हणायचे, काम आहे."

"काम होतं?"

"कसलं काम! अर्नाळ्याची एक कोळीण आमच्या दारावर मासे घेऊन येते. ती मला म्हणाली, 'बाय, तुमचा मानूस स्टँडवर बाकड्यावर बसून असतो. गाड्या येतात नि जातात, हा एकीतपन चढत नाय. बरा हाय ना तो?'"

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी दुसऱ्या दिवशी मागून गेले. पॅसेंजरांच्या बाकड्यावर बसले होते, डबा मांडीवर. त्यांच्या खोलीत नवीन पोरगा होता, तो माइकवर बोलत होता. हे तोंडातल्या तोंडात त्याच्याबरोबर म्हणत होते. गाडीचं नाव, गावाचं नाव, सगळं. मी शेजारी जाऊन बसले. डबा उघडला, दोघांनी खाल्ला. मग मी म्हटलं, आता जी गाडी लागेल तिच्यात बसू. बसलो. कंडक्टरने विचारलं, कुठे? तर हे म्हणाले, जिथे जाते तिथे." काकू हसल्या. "जन्मात पहिल्यांदा गाडीत बसले ते खिडकीतून बाहेर बघण्यासाठी. लहान पोरासारखे बघत होते."

काकूंनी माझ्या हातावर एक फुगा ठेवला.

"तेव्हापासून गल्लीत कोणी रिटायर झालं की हे त्या सोमवारी त्याच्या दारात हजर. फक्त असं का करतात, ते कुणाला सांगत नाहीत."

काका परत आले. दुमडलेली पँट दुमडलेल्या जागेपर्यंत भिजली होती आणि त्याच्यावरही बरीच भिजली होती. त्यांनी आमच्या दोघींकडे संशयाने पाहिलं.

"काय सांगत होती ही?"

"फुग्यांत साखर जास्त झाली, असं म्हणत होत्या," मी म्हटलं.

काकांनी एक फुगा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. "मुळीच नाही," ते म्हणाले. मग ते चादरीवर माझ्या शेजारी येऊन बसले.

"सुलभाबाय, कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधले सावंत पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. एकटेच राहतात. त्या सोमवारी याल ना आमच्याबरोबर?"

"येईन की."

"पण त्यांना शुगर आहे," काका काळजीने म्हणाले. "त्यांच्यासाठी काय न्यायचं हो?"