मृदंग दिसायलाय

भजन कसं झालं असं विचारलं, की बाबूअण्णा म्हणायचा, "झकास दिसलं." ऐकायच्या गोष्टी तो बघायचा. "आज मृदंग लई चांगला दिसायलाय," असं ऐन भजनात शेजाऱ्याला ढोसून सांगायचा.

रामनगरच्या बसस्टँडमागं त्याचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. स्पीकरबरोबर एक फळी यायचीच, कुणी मागितली नसली तरी. फळीवर बॅटरीचे छोटे बल्ब, बल्बांना गोळ्या-चॉकलेटचे रंगीत कागद, आणि तारा थेट स्पीकरच्या मशीनला जोडलेल्या. थाप पडली की बल्ब भडकायचे, आवाज उतरला की मिणमिणायचे.

फळीपुढं त्याची बायको शांताक्का बसायची, गणपतीकडं पाठ करून. पूर्वी ती बायकांच्या भजनात टाळ धरायची. मग तापात तिचे कान गेले. ती वायरी राखायला बसते, असं आम्ही धरून चाललो होतो.

गल्लीच्या गणपतीची व्यवस्था माझ्याकडं. पेटीवाल्या मास्तरांची दरवर्षी एकच तक्रार: गल्लीमागच्या जंगलातले किडे बल्बांवर येतात आणि गाताना तोंडात जातात. त्या वर्षी मी ती निकालात काढली.

"अण्णा, यंदा फळी नको."

"मग भजन दिसायचं कसं, अक्का?"

"ऐकू येतंय की. तेवढं पुरे."

"व्हय. तुमास्नी पुरे," तो म्हणाला आणि फळी मंडपामागं ठेवून आला.

भजन रंगात आलं आणि स्पीकर शिट्टी मारायला लागला. अण्णा जागेवर नाही. मी तरातरा मंडपामागं गेले.

तो शांताक्कासमोर मांडी घालून बसला होता. ओंजळीत बॅटरी, काचेवर लाल कागद. मृदंगाच्या प्रत्येक थापेला तो अंगठ्यानं बटण दाबत होता आणि शांताक्का मांडीवर ताल धरत होती. लय वाढली, अंगठा अडखळला, तशी तिनं त्याच्या मनगटावर चापट मारली.

"शिट्टी वाजतेय," मी म्हटलं.

"ऐकलीच न्हाई, अक्का," तो ओशाळला.

मी फळी उचलली आणि त्याच्या हातात दिली. "जोडा."

फळी बघून मास्तरांनी डोळे वटारले.

"मास्तर, आज तोंड मिटून वाजवा," मी म्हटलं. "गायला बाकीचे आहेत."

फळी पेटली. शांताक्का गणपतीकडं पाठ करून बसली. बाबूअण्णानं बॅटरी खिशात टाकली होती. अंगठा मात्र गुडघ्यावर दाबतच होता.