खबर उभ्याने सांगायची नाही

सुरुवातीलाच माफी मागते. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलं असेल तर नारळाच्या पोत्यावर आडनाव, तेही कोळशाने. कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे घरच्यांना वाटतं मला सगळं येतं आणि कॉलेजात मी गप्प बसते. पण सगुणबाबांविषयी कुणीतरी लिहायला हवं होतं. ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांना सगुणबाब माहीत नव्हते. म्हणून मीच लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

सगुणबाब कुठलीही खबर उभ्याने सांगत नसत.

मी पेडण्याहून दोन बस बदलून, म्हापशावरून, डिचोलीला इंटर्नशिपसाठी यायचे. कचेरी एका खाणीची. जुनी कंपनी जाऊन नवी आली होती आणि नव्या कंपनीने ‘कम्युनिकेशन्स’ नावाचं खातं उघडलं होतं. खात्यात तीन माणसं: पुण्याहून आलेल्या अदिती मॅडम, दोन महिन्यांपुरती मी आणि सगुणबाब. पहिल्याच दिवशी सगुणबाबांनी मला खुर्चीत बसायला लावलं, पाणी मागितलं, सावकाश प्यायले, स्वतः समोर बसले आणि कोकणीत म्हणाले, “बाय, तुझ्या खुर्चेचें एक चाक ना.”

मी त्याच खुर्चीत बसले होते. म्हटलं, “मग बसायच्या आधी का नाही सांगितलंत?”

“खबर उबें रावून सांगपाची न्हय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे रोखून पाहत राहिले. “पावलें मू?”

म्हणजे, पोचलं ना? समोरच्याने “पावलें” म्हटल्याशिवाय ते जागचे हलत नसत. मला ते ठाऊक नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत बसलो.

त्यांचं खरं काम गेटवरच्या फळ्याचं. जुन्या कंपनीत ते टायपिस्ट म्हणून लागले आणि अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर गेले, ते तिथेच राहिले. नव्या कंपनीने त्यांना ‘असोसिएट, इंटर्नल कम्युनिकेशन्स’ असं छापलेली कार्डं दिली. त्यांनी मला अर्थ विचारला. मी म्हटलं, “तुम्ही करता तेच.”

“मगे इतलें लांब कित्याक?” इतकं लांब कशाला, ते मलाही सांगता आलं नाही.

ती कार्डं त्यांनी टाकली नाहीत. खडूचं बोट पुसायला ती बरी पडत.

वरून इंग्रजीत मेल येई आणि सगुणबाब ती मराठीत फळ्यावर उतरवत. मॅडम आधी मजकूर वाचून दाखवायच्या. एकदा आलं की कर्मचाऱ्यांच्या जलपानाच्या अनुभवाची नव्याने कल्पना केली जात आहे. सगुणबाबांनी तीनदा ऐकलं, मग कॅन्टीनपर्यंत चालत जाऊन आले आणि फळ्यावर लिहिलं: ‘पाण्याचा कूलर दुरुस्तीला गेला. घरून बाटली आणावी.’

मॅडम म्हणाल्या, “अहो, मूळ मजकुरात हे कुठे आहे?”

“मुळांत ना मॅडम. कॅन्टीनांत आसा.”

लिहून झालं की रस्ता ओलांडून ते पलीकडे उभे राहत आणि ट्रकवाल्याला दिसतं का ते बघत. मग वजनकाट्यावर झाडू मारणाऱ्या शेवंतीला बोलावत. शेवंतीला वाचता येत नाही. तिला ते विचारत, “कशी दिसता? बरी काय वायट?” शेवंती फळ्याकडे बघून सांगे, “वायट.” आणि खबर खरंच वाईट असे. कारण वाईट खबर ते सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहीत. मला याचं फार नवल वाटायचं. आमच्या अभ्यासक्रमात नेमकं उलट शिकवलं होतं. मी वही काढून विचारलं, तर म्हणाले, “बरी खबर ल्हान अक्षरांनी बरयली तरी लोक वाचतात. वायट खबर ल्हान बरयली जाल्यार ती चोरी.” मी ते लिहून घेतलं. परीक्षेत कुठे घालावं ते अजून कळलेलं नाही.

एकदा मोठे साहेब पडद्यावर आले आणि म्हणाले, आपण सगळे एक कुटुंब आहोत. सगुणबाबांनी हात वर केला. “सायब, कुटुंब जाल्यार दुसरे पाळयेक जेवण कित्याक बंद केलें?” पडद्यावरचा आवाज तेवढ्यात गेला. तो आपोआप गेला की घालवला हे मला माहीत नाही. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पाळीचं जेवण सुरू झालं आणि सगुणबाबांनी ते अगदी बारीक अक्षरात लिहिलं.

हे पाणी मागणं आणि खाली बसणं आलं कुठून, ते मला कितीतरी दिवस कळेना. शेवटी कॅन्टीनमध्ये मीच विचारलं.

पूर्वी खाण बंद पडली तेव्हाची गोष्ट. हुकूम वरून आला आणि कुणीतरी कागद गेटला चिकटवून, कुलूप लावून निघून गेलं. सकाळी दोडामार्गच्या बाजूने माणसांची बस आली. सगळे उतरले आणि गेटसमोर उभ्याउभ्याच वाचू लागले. सगुणबाबही त्यांच्यातच होते. आयुष्यभर सगळ्या नोटिसा यांनी लिहिलेल्या, आणि ही एक त्यांनीही तशीच, उभ्याने, वाचली. ट्रक भरणारा बाबलो म्हणाला होता, “सगुणबाब, तुमी तरी सांगूचा होता.” त्याला खोटं वाटलं की यांनाही ठाऊक नव्हतं.

“मगे?” मी विचारलं.

“मगे किदें. परतीची बस सांजे. सगळे रस्त्याचे कडेक बसले आनी आठ वरांचेर डबे उगडून जेवले.” त्यांनी कपबशी बाजूला सरकवली. “सकाळीं आठांक कोणाक भूक आसता, बाय? पूण डबो हातांत आसलो. दुसरें किदें करपाचें तें कोणाक कळ्ळें ना.”

खाण पुन्हा सुरू झाली, त्यातली बरीच माणसं परत आली. त्या दिवसापासून सगुणबाबांचे नियम पक्के झाले. आधी पाणी मागायचं. घरचं माणूस पाणी आणायला आत जातं आणि परत येईपर्यंत त्याचं मन ओळखतं की काहीतरी आहे. मग बसायचं. मग पहिल्याच वाक्यात खबर, माणसाचं नाव घेऊन. मग “पावलें मू?” आणि तो “पावलें” म्हणेपर्यंत उठायचं नाही.

माझे शेवटचे पंधरा दिवस राहिले असताना मॅडमनी मला दोन पानी यादी दिली. वजनकाटा आता आपोआप चालणार होता. ट्रकवरच्या चिपमुळे वजन परस्पर नोंदलं जाणार. त्यामुळे काट्यावरच्या आणि आसपासच्या माणसांची कामं संपत होती. सोमवारी सकाळी दहा वाजता ते सगळ्यांच्या मोबाइलवर, कंपनीच्या ॲपवर जाणार होतं. पहिल्या पानावर अकरा नावं. मॅडम म्हणाल्या, “नावं मराठीत नीट लिहून घे सगुणबाबांकडून. ते सगळ्यांना ओळखतात. फक्त पहिलं पान दे.”

दुसऱ्या पानावर एकच नाव होतं. फलकाची गरज ॲपमुळे उरली नाही, असं त्याच्यापुढे लिहिलं होतं.

“त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, मॅडम,” मी म्हटलं. “ॲप नाही.”

“मी सांगेन ना त्यांना सोमवारी,” मॅडम म्हणाल्या, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांना फक्त कुणी शिकवलं नव्हतं. आणि मला शिकवलं होतं, तर माझी हिंमत नव्हती. मी दुसरं पान घडी करून पिशवीत ठेवलं.

सगुणबाबांनी अकरा नावं वाचली. शेवंतीचं होतं, बाबलोचंही होतं. त्यांनी प्रत्येक नावाचं र्‍हस्व-दीर्घ तपासलं, पान परत दिलं आणि मॅडमसमोर जाऊन बसले. पाणी मागितलं. मॅडमचा चेहरा पडला. इतक्या दिवसांत त्यांनाही या पाण्याचा अर्थ कळला होता.

“मॅडम, फाल्यां आयतार. सोमारा आदीं हांव ह्या लोकांक घरा वचून सांगतां.”

“असं करता येत नाही, सगुणबाब. सगळ्यांना एकाच वेळी कळायला हवं, असा नियम आहे.”

“एकाच वेळार कळ्ळेंच आशिल्लें पयलीं. गेटीर.”

मॅडम बराच वेळ पेन उघडझाप करत राहिल्या. मग उठल्या. “मी कॉफी आणायला चाललेय. मी काही ऐकलेलं नाही.” त्या दिवशी कॉफीचं मशीन बंद होतं. ते फळ्यावर लिहिलेलंही होतं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. पिशवी मांडीवर, पिशवीत दुसरं पान. मला वाटत होतं ते बाहेरून दिसतंय.

शेवंतीने पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हाका कित्याक काडटात? काट्यावयलो केर तें मशीन काडटलें?”

“ना,” सगुणबाब म्हणाले. “केर आतां कोणूच काडचो ना.”

“मगे चिखल जातलो. म्हाका परत आपयतले.” चिखल झाला की परत बोलावतील, अशी तिची खात्री.

“आपयतले म्हणून हांव सांगचो ना शेवंते. खबर जितली आसा तितलीच सांगतां. पावलें मू?”

तिने आधी त्यांना शिव्या घातल्या, मग आम्हाला फणसाचे गरे दिले, मग म्हणाली, “पावलें.” हे सगळं होईपर्यंत सगुणबाब मांडीवर हात ठेवून बसून होते.

प्रत्येक घरी पाणी, आणि पाण्यामागून चहा. सातव्या घरी माझ्या पोटात जागा उरली नव्हती. सगुणबाब मात्र प्रत्येक कप संपवत. मी कप तसाच ठेवला तर मला म्हणाले, “खबर आमी दिली, ती तांणी घेतली. च्या तांणी दिली, ती आमी घेवपाक जाय.”

बाबलो शेवटचा, दोडामार्गच्या बाजूला. तो अंगणात सुपाऱ्या सोलत होता. सगुणबाबांनी पाणी मागताच त्याने सुरी खाली ठेवली.

“बाबलो, तुझें काम सोमारा सावन सोंपता.”

बाबलो उठला. आत जाऊन बायकोला काहीतरी सांगून आला. मग म्हणाला, “बरा झाला. ह्या खेपेक डबो घराकडेच खाऊक गावतलो.” आणि हसला. “सगुणबाब, त्या वेळी मी तुमका बोललंय, ता चुकला माझा. तुमका म्हायत असता तर तुमी इलाच असतास.”

सगुणबाबांनी नुसता हात वर केला. त्या एका घरी ते “पावलें मू?” विचारायला विसरले. बाबलोनेच आपणहून सांगितलं, “पावला.”

परतताना ते शीळ घालत होते. डिचोलीच्या स्टँडवर दुपारचे चार वाजले असतील. त्यांनी स्कूटर थांबवली. “जालें. इकराय जाले. म्हापशेची बस लागल्या, वच.” अकराही घरं झाली, आता मी जावं, असं त्यांचं म्हणणं.

बस उभी होती. कंडक्टर म्हापसा, म्हापसा ओरडत होता. मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले.

“सगुणबाब, मला तुमच्या घरी पाणी प्यायचं आहे.”

“उदक? स्टँडार नळ आसा न्ही.”

“नळाचं नको.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे. त्यांनी स्कूटर पुन्हा सुरू केली.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. लग्न केलं नव्हतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक बसून बसून झिजलेली. दुसरीवर खडूचे खोके रचलेले. त्यांनी एकेक खोका उचलून जमिनीवर ठेवला, फडक्याने खुर्ची पुसली. तिचा रंग अजून नवा होता. मग पाणी आणायला आत गेले. भांड्यांचा आवाज आला आणि थांबला. एक तांब्या पाणी आणायला लागतो त्याहून खूप जास्त वेळ ते आत होते.

पाणी आणून दिलं आणि उभेच राहिले.

“बसा ना,” मी म्हटलं.

ते खिडकीकडे गेले. झडप नीट लावली. कॅलेंडर सरळ केलं. मग येऊन त्या झिजलेल्या खुर्चीत बसले.

वाक्य पहिलंच होतं आणि त्यात नाव होतं. “सगुणबाब, तुमचं काम सोमवारपासून संपतंय.”

“आनी फळो?”

“फळाही.”

“हय,” ते म्हणाले. पण ते उत्तर नव्हतं. ते उठून आत गेले आणि चहा ठेवला. दोन कप घेऊन आले. मी सकाळपासूनचा बारावा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. ते म्हणाले बाबलोच्या सुपाऱ्यांवर यंदा रोग दिसतो. म्हणाले, मॅडमना त्रास नको, तीसुद्धा अजून लहान पोरच आहे. मग खोलीभर पाहून म्हणाले, “ह्या घरांत खबर घेवन आयल्ली तूं पयलीच, बाय.”

बाहेर म्हापशाची पुढची बसही गेली. मी पिशवी उचलू लागले, तर त्यांनी मला हाताने खाली बसवलं.

“विचारून मगे उठप. विचारल्याबगर न्हय.”

मी बसले. “पावलें मू?”

सगुणबाबांनी कप बशीत ठेवला, बोटाला लागलेला खडू जणू अजून तिथे आहे असं ते बोट धोतराला पुसलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “पावलें.”