बकुळाच्या हातचं

"घरी काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं आणि सोमानं तोंड उघडायच्या आत बकुळानं सगळं सांगून टाकलं. भात, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कधीमधी सुकट. मंडणगडाहून भिवंडीत आलेली माणसं, दुसरं काय खाणार? डॉक्टरांनी सोमाच्या छातीच्या ठोक्यांचा कागद पुन्हा निरखला. सुकी मासळी आणि नारळ बंद करा, मीठ-तेल बेतानं घ्या, असं म्हणाले.

सोमा गप्प बसला. तिथंच चुकलं.

धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात सोमा कापड विणायचे बिघडलेले लूम दुरुस्त करायचा. तिथं पोटासाठी मुलूख सोडून आलेली माणसं एकत्र जेवत. सकाळी आझमगडच्या नूर मोहम्मदचे तुपातले पराठे आणि मटणाची निहारी, दुपारी तेलंगणातल्या मल्लेशचा भात नि तेलात बुडालेलं लोणचं. नको म्हटलं तर माणूस दुखावतो, म्हणून सोमा खायचा. आणि बायकोचं मन मोडू नये म्हणून रात्री घरी पुन्हा पोटभर जेवायचा.

बकुळानं नारळ बंद केला, सुकट शेजारणीला देऊन टाकली आणि स्वतःही अळणी खाऊ लागली. घरचं घशाखाली उतरेना, म्हणून सोमा कारखान्यात दोन घास जास्त घेऊ लागला. छाती पुन्हा दुखली. बकुळानं मग वरणातलं उरलंसुरलं मीठही काढलं.

शेवटी न राहवून ती कारखान्यात गेली. माझ्या हातच्या जेवणानं यांचं काळीज बिघडलं, जरा लक्ष ठेवा, असं तिनं नूर मोहम्मदला विनवलं. त्या भल्या माणसाला वाईट वाटलं.

"भाभी, आप फिकर मत करो," तो म्हणाला. "इधर हम रोज खिलाते हैं. असली घी का."

आणि काय काय खिलवतो, तेही त्यानं अभिमानानं सांगितलं.

संध्याकाळी सोमा घरी आला तेव्हा बकुळा चुलीपुढं बसली होती. तिचे डोळे सुजले होते.

"मीच तुम्हाला मारतेय म्हणून मला झोप न्हाय लागायची," ती म्हणाली. "एकदा तरी सांगायचं."

तिनं स्वतःच्या ताटात शेजारणीकडून परत आणलेल्या सुकटीचं कालवण वाढून घेतलं, वर नारळ भुरभुरला आणि त्याच्यापुढं अळणी वरणभात ठेवला. सोमानं तो खाली मान घालून संपवला आणि आणखी वाढ म्हणाला.